बिनकाठाची चादर

डॉक्टर मधुकरराव निमजे यांच्या दवाखान्याला इतक्या वर्षांत कुणी नापास केलं नव्हतं. याचं मुख्य कारण म्हणजे कुणी परीक्षाच घेतली नव्हती. भंडारा जिल्ह्यातल्या कोसमपेठेत दवाखाना एकच, डॉक्टर एकच, आणि आजार पडायचे तर त्या दवाखान्याला झेपतील एवढेच पडायचे, अशी लोकांची समजूतदार रीत होती. पुढच्या खोलीत बाक, मधल्या खोलीत तपासणीचं टेबल, त्यावर पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी, कोपऱ्यात स्टोव्हवर सुया उकळायचं भांडं आणि लाल मिक्श्चरच्या बरण्यांमागे चिंधू कंपाउंडर. मागच्या दारातून घर सुरू होई. पत्नी शोभाताईंच्या फोडणीचा ठसका पुढे आला की बाकावरचे सगळेच खोकत, आणि त्यातला खरा खोकला कोणाचा हे डॉक्टरांना ओळखावं लागे. ते ओळखत आणि बाकीच्यांना घरी हाकलत.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात, खिशात कांदा घेतल्याशिवाय कुणी उन्हात पाऊल टाकत नव्हतं अशा दिवसांत, विणकर सोसायटीचे चेअरमन धनीरामजी दवाखान्यात आले. तब्येत दाखवायला नव्हे. बातमी सांगायला.

"डॉक्टरसाहेब, सोसायटीनं ठराव पास केला. आता साऱ्या विणकरांच्या घरच्यायचं औषधपानी एकाच मान्यतावाल्या दवाखान्यात. मान्यता द्यायले भंडाऱ्याहून अधिकारी येऊन राहिले. अर्ज दोनच आले. एक शहापूरच्या नव्या डॉक्टरचा, अन् एक तुमचा."

"माझा? मी कधी अर्ज केला?"

"मी केला जी तुमच्या नावानं. सही बी मीच ठोकली. काही फरक नाई पडत, तुमची सही तुमाले तरी कुठी वाचता येते?"

मधुकररावांना राग आला, पण राग यायच्या आधी भीती आली आणि जागा पटकावून बसली. कोसमपेठ म्हणजे कोष्टीपुरा. घरटी माग. कोष्टीपुरा उद्या बसमध्ये बसून शहापूरला जायला लागला तर इथे उरणार कोण? स्वतः, शोभाताई आणि चिंधू. आणि तिघांच्याही तब्येती उत्तम. शिवाय शहापूर हमरस्त्यावर. तिथल्या डॉक्टरकडे ट्यूबलाइट होती, फरशी होती आणि म्हणे एक टेबलफॅन होता जो पेशंटकडे तोंड करून फिरायचा.

दवाखाना बंद पडला तर काय, याची सोय मात्र नागपुरात झालेली होती. शोभाताईंचे धाकटे भाऊ तिथे नर्सिंग होम चालवत. या गृहस्थाला हाडांची नावं मधुकररावांनी बसवून बसवून पाठ करून दिली होती. आता तो प्रत्येक पत्रात लिहायचा, भाऊजी, या इकडे, खालच्या मजल्यावर जिन्याखाली एक छान खोली आहे. शोभाताईंना ती खोली मनातून पसंत होती. नागपुरात नळ होता, सिनेमा होता, माहेर होतं. मधुकररावांच्या स्वप्नात मात्र तो जिना येई आणि त्यावरून मेहुणे खाली उतरत म्हणत, "भाऊजी, जरा तेवढं पाच नंबरचं इंजेक्शन द्या ना!"

"काय काय लागतं तपासणीला?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

धनीरामजींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. सुया उकळलेल्या पाहिजेत. विषारी औषधांचं कपाट कुलपात पाहिजे. आगीची बादली पाहिजे. एक पेशंट अधिकाऱ्यासमोर टेबलावर झोपवून तपासून दाखवला पाहिजे. "अन् कापड सारं पांढरं पाह्यजे. चादरी, पडदा, तुमचा एप्रन. पांढरं म्हंजे पांढरं."

सुया रोज उकळत होत्याच. कपाटाला कुलूप आलं. चिंधूने बादली लाल रंगवून, वाळू भरून दारात ठेवली. बादली लाल आहे आणि दवाखान्याच्या दारात आहे, तेव्हा ती पान थुंकण्यासाठी असणार असा साऱ्या पेठेने ताबडतोब समज करून घेतला आणि सुधारणेचं मनापासून स्वागत केलं. डॉक्टर दिवसातून अनेकदा ओरडत, "अरे, ती आगीसाठी आहे!" त्यावर लोक नम्रपणे म्हणत, "लागू द्या जी आग, मंग नाई थुकनार."

उरलं कापड. विणकरांच्या गावात गिरणीचं कापड विकत आणणं म्हणजे गवळ्याच्या दारात डब्यातल्या भुकटीचा चहा पिणं. त्यात हा दवाखाना ठरायचा तोही विणकर सोसायटीचा. मधुकरराव सरळ टिकाराम हेडाऊच्या घरी गेले. टिकारामसारखा करवती काठ जिल्ह्यात कुणी काढत नसे. करवतीच्या दात्यांसारखे ते टोकदार लाल त्रिकोण असे ओळीने बसवायचा की बायका लुगडं घ्यायच्या आधी काठावरून बोट फिरवून पाहायच्या.

"दोन चादरी, एक पडदा, एक एप्रन," डॉक्टर म्हणाले. "सगळं पांढरं सुती. काठ नको."

टिकारामने माग थांबवला. बायकोला हाक मारून आत जायला सांगितलं. मग हळूच विचारलं, "कोनासाठी?"

"दवाखान्यासाठी रे."

"डॉक्टरसाहेब, धोतराले काठ असते, पंच्याले असते, नाक पुसाच्या रुमालाले असते. बिनकाठाचं पांढरं कापड मानूस एकदाच पांघरते, अन् तेबी सोताच्या हातानं नाई. तुम्ही जित्त्या मानसाले त्याच्यावर झोपवान? अन् दुसरं वरतून टाकान? मले काहून पापात पाडता?"

मधुकररावांनी जंतूंवर बोलून पाहिलं, डाग दिसण्यावर बोलून पाहिलं, विलायतेतल्या इस्पितळांवर बोलून पाहिलं. टिकारामने सगळं ऐकून घेतलं आणि विलायतेत माणसं मरतात का, एवढंच विचारलं. शेवटी तडजोड झाली. काठ असेल, पण अगदी बारीक.

आता कलावंताला बारीक म्हणजे किती हे कुणी सांगावं? कापड आलं तेव्हा मधुकरराव दारातच खिळले. चादरींना दोन्ही बाजूंनी बोटबोट रुंद करवती काठ. पडद्याला काठ, शिवाय खाली भरगच्च पदर. एप्रनचा पदर पाठीवर. आणि टिकारामने न सांगता, स्वखुशीने, हौसेने बँडेजच्या पट्ट्याही विणून आणल्या होत्या. पट्टी चार बोटांची. तिला दोन्हीकडून काठ. मधे पांढरं असं जे उरलं होतं ते शोधायला भिंग लागलं असतं.

"बारीकच काढला जी," टिकाराम लाजून म्हणाला.

त्यानंतरचा आठवडा दवाखान्याच्या इतिहासात भरभराटीचा गेला आणि मधुकररावांच्या आयुष्यात अपमानाचा. बायकांची रीघ लागली. प्रत्येकीला काहीतरी दुखत होतं आणि ते नेमकं कुठे, हे पडद्याचा पदर हातात घेऊन झाल्यावरच आठवत होतं. "डॉक्टरसाहेब, जरा पाठमोरे व्हा ना जी," असं त्यांना भर दवाखान्यात सांगण्यात येई, कारण एप्रनचा पदर पाठीवर होता. करडीहून धानाच्या बैलगाडीत बसून आलेल्या एका बाईच्या करंगळीला खरोखरच विळा लागला होता. तिला पट्टी बांधली, तर तिने दुसरी करंगळी पुढे केली. "ह्यालेबी बांधा, जोड दिसली पाह्यजे. पुतणीचं लगन हाय." पुढे ती लग्नात वरमाईपेक्षा जास्त मिरवली असं कळलं. पट्टी सोडायला मात्र कुणी परत येईना. जखमा भरल्या, लोक पट्ट्या धुऊन, इस्त्री करून पुन्हा बांधत होते. शोभाताईंनीही एकदा जेवताना विचारलं, "त्या पडद्यातून एक ब्लाउजपीस निघेल का हो?" मधुकरराव ताटावरून उठले.

"अधिकारी हा पडदा बघतील आणि विचारतील, डॉक्टर, दवाखाना कुठे आहे, हे तर लुगड्यांचं दुकान दिसतंय!" ते ओसरीवर येऊन शेजारच्या सुखरामजींपाशी कळवळले. सुखरामजी तहसिलीतून रिटायर झालेले. तपासणी या विषयात त्यांचा शब्द शेवटचा.

"त्यात काय एवढं?" सुखरामजी म्हणाले. "दाखवाचं एक ठेवा, वापराचं एक. आमच्या तहसिलीत दोन घड्याळं होती. एक साहेबाच्या खोलीतलं अन् एक चालू. तुम्ही जा भंडाऱ्याले, गिरनीचं पांढरं कापड आना, तपासनीच्या दिवशी घाला, जीप वळली का काढून टाका. टिकारामले कायले सांगता?"

सल्ला बिनतोड होता. मधुकरराव भल्या सकाळच्या बसने भंडाऱ्याला गेले, ओळखीचं दुकान टाळून अनोळखी दुकानातून कापड घेतलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि वरून वांगी रचली. चोराला शोभेल अशी सगळी व्यवस्था केली. पण परतीच्या बसमध्ये धक्क्याधक्क्यांनी वांगी खाली गेली, कापड वर आलं आणि वर्तमानपत्र फाटलं. शेजारी पेठेतलाच एक विणकर बसला होता. त्याने पिशवीतल्या त्या शुभ्र, बिनकाठाच्या कापडाकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढली.

"कोन गेलं जी?"

गिरणीचं कापड आणलंय हे विणकराला सांगायची मधुकररावांची छाती होईना. ते खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "आमचे... दूरचे."

"दूरचे म्हंजे नागपूरचे?"

डॉक्टर गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा अर्थ लावून तो विणकर पेठेच्या थांब्यावर आधी उतरला आणि पुढे धावला. मधुकरराव पिशवी सांभाळत घरापाशी पोहोचले तेव्हा आतून रडण्याचा आवाज येत होता. साऱ्या आळीतल्या बायका शोभाताईंना कवेत घेऊन बसल्या होत्या आणि शोभाताई आपल्या नागपूरच्या भावासाठी हंबरडा फोडत होत्या.

"अगं, तुझा भाऊ ठणठणीत आहे!" मधुकरराव ओरडले. "आत्ता या क्षणी तो एखाद्या जिवंत माणसाचं बिल करत असेल!"

शोभाताईंचं रडणं थांबलं. बायकांचं थांबलं नाही, कारण त्या आत्ताच आल्या होत्या. सत्यभामाबाई नावाच्या आजी, गुडघेदुखीच्या जुन्या पेशंट, डोळे पुसत पिशवीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मंग हे कापड कोनासाठी हाय?"

मधुकरराव पिशवीतली वांगी पुन्हा वर रचू लागले. आणि इथे चिंधू कंपाउंडर, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, मदतीला धावला.

"साहेबाचे मामा गेले," तो म्हणाला. "करडीचे."

झालं! मधुकररावांना जन्मात नसलेला मामा मिळाला आणि त्याच दमात गेलाही. मामाचं सुतक तीन दिवस, असा निर्णय सुखरामजींनी दिला. ज्यांनी सल्ला दिला त्यांनीच सुतकही लावलं. तीन दिवस दाढी नाही, घरात गोड नाही, चूल पेटवायची नाही. घरोघरून वरणभात येऊ लागला आणि आणणारा प्रत्येक जण मामांचा स्वभाव कसा होता ते विचारू लागला. मधुकररावांनी पहिल्या दिवशी मामा मितभाषी होते असं सांगून बघितलं. चिंधूने त्यांना तोवर दोन बायका आणि एक तळं देऊन टाकलं होतं. सोमवारी करडीचे पेशंट बैलगाडीतून उतरले आणि म्हणाले, आमच्या गावात तर कोनी नाई मेलं. चिंधूने बरणी हलवता हलवता सांगितलं, "ते करडी नोहे. दुसरी करडी."

तिसऱ्या दिवशी दुपारी, सुतक फिटायच्या ऐन आधी, जीप आली.

अधिकारी म्हणजे डॉक्टर कुसुमताई. जाड चष्मा, सुती साडी, हातात पॅड आणि पेन. शोभाताईंनी दार लावून, धूर बाहेर जाऊ न देता केलेला शिरा आणि कैरीचं पन्हं पुढे ठेवलं. कुसुमताईंनी ते हाताने बाजूला सारलं. "तपासणीच्या ठिकाणी मी पाणीसुद्धा घेत नाही. तत्त्व आहे माझं." बाहेर ऊन इतकं तापलं होतं की जीपच्या टपावर पापड भाजला असता. पण तत्त्व ते तत्त्व.

धनीरामजी आले होते. टिकाराम नवं धोतर नेसून, आपल्या कापडाचं कौतुक ऐकायला पहिल्या रांगेत उभा होता. खिडकीत सारी आळी. मधल्या खोलीचं दार उघडलं आणि समोर टेबलावर पांढरीशुभ्र, सपाट, बिनकाठाची गिरणीची चादर. दाराला तसलाच पडदा. टिकारामचा चेहरा असा उतरला की मधुकररावांनी नजर दुसरीकडे वळवली. खिडकीतून कुणीतरी श्वास आत ओढला.

"अवो बाई! मामाचं कापड!"

"उरलं असन."

"उरलेलं कोनी घरी ठेवते काय?"

कुसुमताईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या खूश दिसत होत्या. सुया पाहिल्या, बरोबर. बादली पाहिली, चष्मा सारखा करून पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, "विषारी औषधांचं कपाट उघडा."

घरात कुलूप असलेलं कपाट ते एकच. टिकारामचं सगळं कापड त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच्या हातांनी त्यात कोंबलं होतं. किल्ली फिरली आणि दार उघडताच करवती काठाच्या चादरी, पदरवाला पडदा आणि बँडेजच्या पट्ट्या भसाभसा कुसुमताईंच्या पायांवर येऊन पडल्या.

"हे विषारी आहे?" कुसुमताईंनी विचारलं.

टिकारामने डॉक्टरांकडे एकदाच पाहिलं आणि बाहेर जाऊन ओसरीच्या पायरीवर पाठ करून बसला. मधुकररावांना वाटलं, त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धनीरामजीही कोरडेपणाने म्हणाले, "सोसायटीच्या दवाखान्यात गिरनीचं कापड. वा डॉक्टरसाहेब." एका किल्लीत दोन्हीकडून नापास व्हायची वेळ आली होती.

"ते राहू द्या," कुसुमताई म्हणाल्या. "पेशंट तपासून दाखवा."

पेशंट ठरलेला होता. सत्यभामाबाई, गुडघे. त्या सकाळपासून न्हाऊन, डोक्याला तेल लावून बाकावर कण्हत बसल्या होत्या. त्यांना आत आणलं. त्यांनी चादर पाहिली, पायथ्याशी घडी करून ठेवलेली पांघरायची दुसरी चादर पाहिली, आणि ताठ उभ्या राहिल्या.

"माहे गुडघे बरे झाले."

"आजी, कालपर्यंत तुम्हाला उठता येत नव्हतं!"

"आता येते," असं म्हणून त्या लंगडायचं विसरून तरातरा बाहेर गेल्या. त्यांच्यामागून बाकावरचा खोकला बरा झाला, पोटदुखी बरी झाली, आणि एक जुलाबवाला तर धावतच गेला, पण त्याचं कारण वेगळं असू शकेल. मधुकररावांनी धनीरामजींकडे पाहिलं. "मी कसा झोपू? मी चेअरमन हाओ, कोरम मोडते," ते म्हणाले. चिंधूकडे पाहिलं. तो मिक्श्चर ढवळू लागला. बरणी रिकामी होती.

कुसुमताईंनी पेन उघडलं. "डॉक्टर निमजे, ज्या टेबलावर झोपायला गावातलं माणूस घाबरतं, त्या दवाखान्याला मी मान्यता कशी देऊ? मला शहापूरचा विचार करावा लागेल."

मधुकररावांना समोर तो जिना दिसला. जिन्याखालची खोली दिसली, मेहुणे पायऱ्या उतरताना दिसले.

"मी झोपतो!" ते गरजले. चष्मा काढला, चपला काढल्या आणि टेबलावर चढून उताणे पडले. "चिंधू! पांघरूण!"

चिंधूने शिकवल्याप्रमाणे दुसरी चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि सुरकुत्या काढल्या. मधुकररावांनी लाजेने डोळे मिटले. दाढी तीन दिवसांची. गाल उकाड्याने ओढलेले. कुसुमताई टेबलाची उंची बघत पुढे झाल्या, पेशंटची नाडी कुठून धरावी लागते ते पाहायला त्यांनी डॉक्टरांचं मनगट हातात घेतलं. टेबल उंच होतं, चढायला पायरी नव्हती. हे काही बरोबर नाही, अशा अर्थाने त्यांनी मान हलवली.

खिडकीतून एवढंच दिसलं. पांढऱ्या कापडाखाली डॉक्टर, त्यांचं मनगट धरलेली मोठी डॉक्टरीण, आणि तिची नकारार्थी हललेली मान.

"गेला वोऽऽ माहा डॉक्टर!" सत्यभामाबाईंनी जो सूर लावला तो भंडाऱ्यापर्यंत गेला असेल. मागोमाग सगळी आळी फुटली. माणसं दारातून, खिडकीतून, पडद्याखालून आत घुसली.

मधुकरराव ताडकन उठणार होते. खरंच उठणार होते. पण कानाशी कुणीतरी म्हणालं, "माह्या पोराले गोवर निंगाला तवा हा मानूस हालला नाई खाटीपासून." त्यांना वाटलं, एवढं ऐकून उठू.

"तोंडाचा तिखा, पन हाताचा गोड."

"इंजेक्शन दुखे जी त्याचं."

"दुखे तं दुखे, गुन येत होता!"

"आता आमच्यावर रागवन कोन?" सत्यभामाबाईंनी कपाळ बडवून विचारलं, आणि या प्रश्नावर पुरुषसुद्धा रडू लागले. इतक्या वर्षांत या लोकांनी त्यांच्या औषधाला कडू म्हटलं होतं, मिक्श्चरमध्ये पाणी आहे म्हटलं होतं, शहापूरचं इंजेक्शन मऊ लागतं म्हटलं होतं. कौतुकाचा एक शब्द काढला नव्हता. मधुकररावांना चादरीखाली गहिवरून आलं. एक अश्रू कानात गेला आणि तिथे गुदगुल्या करू लागला, तरी ते हलले नाहीत.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून शोभाताई हातातल्या झाऱ्यासकट धावत आल्या. त्यांना सगळं माहीत होतं. पण समोरचं कापड पाहिलं आणि माहीत असलेलं सगळं कुठच्या कुठे गेलं. "अहो!" त्या टेबलाच्या कडेला कोसळल्या. "नाही जायचं मला नागपूरला! नको मला नळ! इथंच राहू आपण, पण उठा हो!"

यावर मात्र मधुकरराव उठलेच असते. पण त्याआधी गर्दी फाडत टिकाराम आत आला. डोळे लाल, हातात जमिनीवरून उचललेली करवती काठाची चादर.

"सरका! कोन म्हनते गेला? अन् गेला तरी गिरनीच्या कापडात जाऊ देईन काय मी याले?" त्याने पांढरी चादर ओढून भिरकावली आणि आपली चादर डॉक्टरांच्या अंगावर टाकली. "काठाखाली घ्या मानसाले!"

"अरे, जिवंत आहे मी!" मधुकरराव उठून बसले.

मग एकच कल्ला उसळला. "उठला! काठ लागला अन् उठला!" सर्वांत जास्त दचकला तो टिकाराम. तो मागे मागे सरकत गेला आणि थेट आगीच्या बादलीत बसला. बायका डॉक्टरांच्या पाया पडू लागल्या, मग चादरीच्या पडल्या, मग बादलीतल्या टिकारामच्या पडल्या. गर्दी, घाम, आरडाओरडा, मे महिन्याची दुपार. आणि या सगळ्याच्या मधे, सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या कुसुमताईंच्या हातून पॅड गळून पडलं, चष्मा घसरला, आणि त्या एका बाजूला कलल्या.

मधुकररावांनी टेबलावरून उडी मारून त्यांना झेललं. आणि त्याबरोबर त्यांचा आवाज त्यांना परत मिळाला.

"हवा सोडा! सगळे बाहेर! सत्यभामाबाई, रडणं बंद, गुडघे बरे झालेत ना, मग विहिरीचं थंड पाणी आणा! चिंधू, ग्लुकोज! शोभा, ते पन्हं! धनीरामजी, कोरम गेला खड्ड्यात, पाय धरा यांचे आणि वर उचला!"

खोली क्षणात रिकामी झाली. कुसुमताईंना टेबलावर निजवलं. चिंधूने शिकवल्याप्रमाणे जमिनीवरची पांढरी चादर उचलली, झटकली आणि त्यांच्या अंगावर घालायला पुढे झाला. कुसुमताईंचे डोळे अर्धवट उघडले. त्यांनी ती चादर पाहिली. हात वर केला, आणि त्यांच्या तोंडून जी भाषा बाहेर पडली ती पॅड-पेनची नव्हती, कुठल्यातरी मागाच्या घरची होती.

"हे नोका टाकू जी माह्यावर... ते काठाची आना."

टिकाराम ओसरीवर धोतरातली वाळू झटकत होता. तो थांबला. मधुकररावांनी करवती काठाची चादर त्यांच्या अंगावर घातली, काठ हनुवटीशी नीट बसवला, चमच्याने पन्हं पाजलं आणि कपाळावर ओली पट्टी ठेवली. तीही काठाचीच. दुसरी नव्हती. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. मग अंगात ताप किती ते बघायला त्यांनी थर्मामीटर झटकून कुसुमताईंच्या जिभेखाली ठेवला आणि मनगट धरून बसले.

खिडकीत पुन्हा एक एक डोकं उगवलं. शेवटी धनीरामजींना राहवेना.

"बाई, तेवढं सांगून टाका. आमचा डॉक्टर पास का नापास?"

"शूऽऽ!" मधुकरराव खेकसले. "तोंडात थर्मामीटर आहे त्यांच्या. बोलायचं नाही. आणि हलायचं तर मुळीच नाही."

सारी पेठ गप्प झाली. शोभाताईंनी पदर तोंडात धरला. कुसुमताईंनी तोंड मिटल्या मिटल्या छताकडे पाहिलं, सुया उकळणाऱ्या भांड्याकडे पाहिलं, खिडकीतल्या त्या रडून सुजलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं, मग आपलं मनगट धरून बसलेल्या, दाढी वाढलेल्या, एका पायात चप्पल नसलेल्या आणि दुसऱ्यातही नसलेल्या त्या माणसाकडे पाहिलं. आणि सर्वांना दिसेल अशी, थर्मामीटरसकट, खालीवर मान हलवली.

बाहेर जो जल्लोष झाला त्यात मधुकररावांचा आवाज कुणाला नीट ऐकू आला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते ओरडत होते.

"मान हलवू नका म्हणालो ना मी!"